न मोजलेली नाडी : वॉर्डमधल्या सोबतिणींविषयी

गेल्या महिन्यात खरवईला रविवारची वंदना झाली, लोक पांगले, आणि एक ताई आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी पावणेसहाला घर सोडते, रिक्षा मिळाली नाही तर बदलापूर स्टेशनपर्यंत चालत जाते, गर्दीच्या लोकलमध्ये पांढरा युनिफॉर्म पिशवीत जपून नेते. वॉर्डची पोस्टिंग सुरू होऊन दीड महिना झालेला. आई म्हणाल्या, "ताई, हिला जरा समजवा. कोर्स सोडते म्हणते."

आम्हाला वाटले, जखम बघून घाबरली असेल, मरण बघितले असेल. पहिल्या पोस्टिंगला असे होतेच. पण मुलगी म्हणाली, "पेशंटचा मला काहीच त्रास नाही ताई. त्रास आमच्याच बॅचच्या मुलींचा आहे."

मग तिने एकेक सांगितले. एका वॉर्डला सहा जणी. हजेरी झाली की दोघी कॅन्टीनला. एक मोबाईल घेऊन लिननच्या खोलीत. नाडी-ताप न मोजताच कालचे आकडे आजच्या रकान्यात. स्पंजबाथ, बेडपॅन, ओला झालेला बिछाना हे सगळे हिच्या वाट्याला. आणि ट्यूटर मॅडम राउंडला आल्या की त्याच मुली खाटेच्या उशाशी उभ्या राहून पटापट उत्तरे देतात. हिने एकदा विचारले, "बेडपॅन रोज मीच का?" त्यावर एक जण हसत म्हणाली, "तुला सवय असेल ना."

हे शेवटचे वाक्य सांगताना तिचा आवाज बसला. आईने खाली बघितले. सवय म्हणजे कसली, हे आपल्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आरोग्याच्या पानावर ताप, मधुमेह, गरोदरपण यांवर आपण लिहितोच. या वेळी या मुलीच्या निमित्ताने वॉर्डात शिकणाऱ्या मुलींमध्ये काय चालते त्यावर लिहितो आहोत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांमधून आपल्या पुष्कळ मुली नर्सिंगला जातात. त्यांच्या आईवडिलांना फी माहीत असते, वॉर्ड माहीत नसतो. आणि दुसरी गोष्ट अशी की हा मुलींमुलींच्या भांडणाचा विषय नाही. न मोजलेली नाडी शेवटी तुमच्या-आमच्यापैकी कुणाची तरी असते.

पोस्टिंग म्हणजे काय

जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. वर्गात शरीररचना, औषधशास्त्र शिकवतात, पण नर्स तयार होते ती वॉर्डात. मेडिकल वॉर्ड, सर्जिकल वॉर्ड, लेबर रूम, लहान मुलांचा विभाग, ऑपरेशन थिएटर, मग वस्तीतली सार्वजनिक आरोग्याची पोस्टिंग. प्रत्येक ठिकाणी ठरावीक दिवस, ठरावीक काम, आणि प्रॅक्टिकल बुकात सही. सुईचा कोन पुस्तकात असतो. पण शिर सापडत नसलेल्या म्हाताऱ्या बाईचा हात हातात घेऊन तिला धीर कसा द्यायचा, ते खाटेजवळच कळते. म्हणून पोस्टिंग चुकवणारी मुलगी फक्त कामचुकार नसते. ती न शिकता पुढे जाते. तीन वर्षांनी तिला नोंदणी मिळते, आणि मग एखाद्या रात्रपाळीला तीस खाटांच्या वॉर्डात ती एकटी असते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपली मुलगी सगळी घाण काढते पण इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग तिच्या हाती येत नाही, तर तीही अर्धेच शिकते. बेडपॅन देणे कमीपणाचे नाही, त्यावर पुढे बोलूच. पण तीन वर्षे फक्त तेवढेच केले, तर परीक्षेत आणि नोकरीत मार बसतो, आणि लोक म्हणतात, "बघा, यांना येत नाही." आमच्या मते सोबतिणींच्या वागण्याने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच. अपमान दिसतो, हे नुकसान दिसत नाही.

आमच्या हाताने लिहिलेला आकडा

आता आमचीच एक गोष्ट. ती आम्ही फार वर्षे कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या वर्षाला होतो. बाळंतिणींच्या वॉर्डात दुपारची पाळी. आम्ही आणि एक सोबतीण, दोघींवर बारा खाटांचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वसन. ठरले असे की तिने मोजायचे आणि आम्ही लिहायचे. ती खाटांमधून फिरून आली, दारात उभी राहून आकडे सांगितले, आम्ही लिहिले. नाडी चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, शहाऐंशी. श्वसन सगळ्यांचे वीस. आम्हाला तेव्हाच कळायला हवे होते. बारा बायकांचा श्वास एकसारखा वीस कधीच नसतो. आणि ती फेरी मारून आली होती पाचेक मिनिटांत. बारा जणींची नाडी आणि श्वास नीट मोजायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो.

सातव्या खाटेवर सकाळी बाळंत झालेली बाई होती. शांत पडून होती. शांत आहे म्हणजे बरी आहे, असा आमचा समज. तासाभराने इन्चार्ज सिस्टर सहज तिच्या जवळून गेल्या, तिचा चेहरा बघून थबकल्या, मनगट धरले, चादर वर केली. खालची गादी रक्ताने भिजलेली होती. नाडी एकशे तीसच्या वर. मग धावपळ, डॉक्टर, सलाईन, रक्ताच्या बाटल्या. बाई वाचली. तिची सासू बाहेर बाळाला घेऊन बसलेली होती, तिला काहीच पत्ता नव्हता.

रात्री सिस्टरांनी चार्ट समोर ठेवला आणि एकच विचारले, "हे अक्षर कुणाचे?" अक्षर आमचे होते. सोबतीण शेजारी उभी होती, ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. शिक्षा आम्हाला झाली, आणि तिच्यावरचा राग आम्ही कितीतरी वर्षे उराशी बाळगला. पुढे स्वतः मुलींना शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आले की सिस्टरांचा प्रश्न बरोबर होता. आकडा तिने बनवला, पण खरा म्हणून लिहिला तो आम्ही. बाईच्या मनगटाला आम्ही दोघींनीही हात लावला नव्हता.

बाळंतपणानंतर रक्त जायला लागले की शरीर आधी नाडी वाढवते. रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो, तो पडतो उशिरा, आणि तोपर्यंत पुष्कळ रक्त गेलेले असते. म्हणजे त्या तासात धोक्याची खूण दाखवणारी गोष्ट नाडीच होती. तीच आम्ही कागदावर चौऱ्याऐंशी केली होती.

मोठ्या माणसाची नाडी आरामात असताना साधारण मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. मोजताना माणसाला सांगायचे नाही, कारण सांगितले की श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट धरूनच ठेवायचे आणि डोळ्यांनी छाती बघायची. हे इतके सोपे आहे आणि तरी सर्वांत जास्त खोटे लिहिले जाते ते श्वसनच. न्यूमोनिया असो की रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, बिघडलेल्या माणसाचा श्वास बहुधा आधी वाढतो. "सगळ्यांचे वीस" या लिहिण्याने ती खूण पुसली जाते.

हे घरीही उपयोगी आहे म्हणून सांगून ठेवतो. बाळाला खोकला-ताप असेल तर ते शांत असताना मिनिटभर पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचे ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने तो जलद श्वास आहे. दवाखान्यात न्या, वाफ देत बसू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर तेव्हाच्या तेव्हा न्या.

रोग्याला सोडून गेलेले भिक्षू

सोबतीण काम टाकून जाते ही तक्रार नवी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्षूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन विहारात फिरत असताना त्यांना तो दिसला. तुझी सेवा करणारा कुणी नाही का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी माझ्याकडे बघत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. हे झाल्यावर त्यांनी संघाला बोलावले.

लोक हा प्रसंग करुणेची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हा नर्सिंगवाल्यांना त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. भगवंतांनी भिक्षूंना उपदेश करून सोडले नाही. आजारी भिक्षूची सेवा कुणी करायची याचा क्रम लावून दिला: उपाध्याय, आचार्य, शिष्य, सोबत राहणारे, कुणीच नसेल तर संघाने. न केल्यास तो दोष ठरवला. म्हणजे काम कुणाच्या चांगुलपणावर ठेवले नाही, कुणाच्या एकट्याच्या माथीही मारले नाही. आजच्या भाषेत ड्युटी रोस्टर. तिथेच चांगल्या सेवा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत: औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-ओकारी काढायची किळस नसावी, आणि रोग्याला धीराचे बोलता यावे. आजच्या नर्सिंगच्या पुस्तकात याहून वेगळे फारसे काय असते, आम्हाला तरी सापडलेले नाही.

किळस नसावी हा गुण सर्वांसाठी सांगितला आहे. संघातल्या एकाच कुळातून आलेल्यांसाठी नाही.

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या पुस्तकात कामाची वाटणी आणि काम करणाऱ्यांची वाटणी यांतला फरक दाखवला. वॉर्डात तो रोज बघायला मिळतो. सहा मुलींनी आळीपाळीने बेडपॅन दिला तर ती कामाची वाटणी. आडनाव, पत्ता, गळ्यातले लॉकेट बघून तो एकीच्याच हातात आला, तर ती दुसरी वाटणी. काम तेच, बेडपॅन तोच. आणि बेडपॅन ही काही हलकी गोष्ट नाही. त्यात किती लघवी झाली, रंग कसा, रक्त आहे का, शौच काळे आहे का, हे बघून लिहायचे असते. मोठ्या माणसाला कॅथेटर असेल आणि तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत असेल तर डॉक्टरांना सांगायचे असते. मूत्रपिंड बिघडल्याची बातमी कित्येकदा त्या भांड्यातूनच मिळते. ते न बघता मावशींना "टाका" म्हणणारी मुलगी वरच्या दर्जाचे काम करते आहे असे तिला वाटत असले, तरी ती नर्सिंग करत नसते.

इथे सावित्रीबाईंची आठवण निघतेच. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या माळरानावर दवाखाना मांडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले, त्यात त्यांनाच लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. कुणाची घाण कुणी काढायची हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

मुली अशा का वागतात

सगळ्या दुष्ट असतात असे नाही. काही घाबरलेल्या असतात. पहिल्यांदा उघड्या जखमेपुढे उभे राहायची भीती वाटते, ती सांगता येत नाही, म्हणून कॅन्टीन. काहींना आईवडिलांनी ढकललेले असते, त्यांना हे करायचेच नसते. काहींना वाटते वह्या भरल्या की झाले, आणि खरे सांगायचे तर काही ठिकाणी वह्या भरल्या की होतेही. वॉर्डात स्टाफ कमी, म्हणून विद्यार्थिनींना शिकवायचे सोडून राबवून घेतात. जी निमूट राबते तिच्यावरच सगळे येऊन पडते.

पण दुखावणे, टोमणे, एकटे पाडणे याचे कारण आणखी खोल आहे. अमेरिकेतल्या सुसान रॉबर्ट्स या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी १९८३ साली एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नर्स वर्गावर वरून दाब असतो, वर उलटून बोलायची सोय नसते, मग तो राग शेजारच्या नर्सवर आणि खालच्या नर्सवर निघतो. दाबलेल्या समाजांमध्ये जे होते तेच इथे होते. पुढे यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाले. आपल्याला हे वाचून नवल वाटायला नको. डॉक्टर सिस्टरला बोलतो, सिस्टर विद्यार्थिनीला, जीएनएमवाली एएनएमवालीला, सगळ्या मिळून मावशीला. बाबासाहेबांनी जातीबद्दल श्रेणीबद्ध विषमता म्हणून जी रचना सांगितली तिचाच हा छोटा नमुना. प्रत्येकीला खाली कुणीतरी हवी असते. आपल्या देशात त्या उतरंडीला जात येऊन चिकटते आणि खालची पायरी कुणाची हे आधीच ठरलेले असते.

आमच्या मुलींनाही एक विचारतो. तुम्ही वॉर्डातल्या सफाई कामगार ताईला काय हाक मारता? आम्ही स्वतः शिकत असताना "ए मावशी, इकडे" असे ओरडत होतो, हे आम्हाला आठवते. ती मावशी आमच्याच पलीकडच्या गल्लीतली होती.

सुई

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. सोबतीण वापरलेली सुई ट्रेमध्ये तशीच टाकून जाते, ट्रे उचलायला दुसरी येते आणि सुई तिला टोचते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, वापरणारीनेच ती लगेच सुईच्या डब्यात टाकायची, दुसरीवर सोपवायची नाही. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरांना सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. मैत्रीण ओरडा खाईल म्हणून गप्प बसायचे नाही. पोस्टिंगला जाण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घ्यायचे असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्याला. आईवडिलांनी युनिफॉर्मच्या खरेदीबरोबर हेही विचारावे.

काय सहन करायचे, काय नाही

खरवईच्या त्या मुलीला आम्ही सांगितले की तुझ्या तक्रारी तीन जातीच्या आहेत, एकत्र केल्यास की डोके फुटेल.

पहिली, कामचुकारपणा. उशिरा येणे, मोबाईल, कॅन्टीन. यावर बॅचमध्येच बोलायचे, एकदा, सरळ, सगळ्यांसमोर. "आजपासून खाटा वाटून घेऊ. एक ते सहा तुझ्या, सात ते बारा माझ्या. ज्याची खाट त्याचा स्पंज, त्याचा बेडपॅन, त्याचा चार्ट." कामाची वाटणी खाटेप्रमाणे झाली की घाणीचे काम आणि मानाचे काम असा भेद आपोआप मोडतो. ही वाटणी कागदावर लिहून सिस्टरांची सही घ्या. ओव्हर देताना आपल्याच खाटांचे ओव्हर द्या. दुसरीची खाट पडून राहिली तर? रोग्याला तसे ठेवायचे नाही, तेवढे करायचे. पण ते केले हे आपल्या डायरीत तारीख-वेळ घालून लिहायचे, आणि दुसऱ्यांदा झाले की ट्यूटरांकडे जायचे.

दुसरी, खोटी नोंद. इथे बोलून बघू, समजून घेऊ वगैरे नाही. रोग्याची नोंद खोटी दिसली की स्वतः जाऊन मोजायचे आणि लगेच इन्चार्ज सिस्टरांना सांगायचे. चुगली म्हणतील, म्हणू दे. आमची सातवी खाट आम्हाला अजून दिसते. आणि जे स्वतः मोजले नाही ते आपल्या अक्षरात लिहायचे नाही, मैत्रीण कितीही जवळची असो. रोग्याचे फोटो काढून स्टेटसला टाकणे, बेडवरच्या बाईला हसणे, हेही याच खात्यात.

तिसरी, जातीवरून आणि वस्तीवरून बोलणे, जाणूनबुजून एकटे पाडणे, धमकावणे. हा स्वभावाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालापासून आहे. त्यात रॅगिंग म्हणजे फक्त मारहाण नव्हे. ज्याने विद्यार्थ्याला मानसिक इजा, भीती, लाज वाटेल असे वागणे, चिडवणे, शिवीगाळ, हे सगळे त्यात येते. जिथे शिक्षण दिले जाते ती कुठलीही संस्था त्यात येते, म्हणजे नर्सिंग स्कूलही आले. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून पोलिसांत कळवायचे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, संस्थेतून काढणे आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही. प्रमुखाने तक्रारीकडे दुर्लक्ष केले तर त्याच्यावरही जबाबदारी येते. चार लोकांसमोर जातीवरून अपमान झाला तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ आहेच. बौद्ध झालो म्हणून तो लागू नाही असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. जातीचा दाखला मात्र घरात नीट ठेवा.

कायद्याचे एवढे का सांगतो, तर मुंबईतली डॉ. पायल तडवी यांची घटना आपण विसरू नये म्हणून. तडवी भिल्ल आदिवासी समाजातली, जळगाव जिल्ह्यातून आलेली, स्त्रीरोग शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. २२ मे २०१९ ला नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात तिने आपले आयुष्य संपवले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवला गेला, त्यांनी तो नाकारला, खटला न्यायालयात गेला. कुटुंबाचे म्हणणे असे की त्यांनी आधीच विभागात तक्रार नेली होती. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, दोघी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आपल्यानंतरच्या मुलांसाठी. हे फक्त डॉक्टरांमध्ये होते असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळात कोट्टायमच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचा छळ केल्याच्या आरोपावरून पाच वरिष्ठ विद्यार्थ्यांना अटक झाली. ज्या राज्यातून देशभर नर्स जातात, तिथली ही गोष्ट.

आता घरच्यांसाठी. मुलगी घरी येऊन गप्प बसते, जेवत नाही, पोस्टिंगच्या दिवशी पोट दुखते म्हणते, युनिफॉर्म बघून रडते, तर "सगळीकडे असेच असते, सांभाळून घे" हे वाक्य घशातच ठेवा. आम्हाला आमच्या आईने हेच सांगितले होते, प्रेमानेच सांगितले होते, आणि त्यानंतर आम्ही तिला काही सांगणेच सोडले. आधी ऐकून घ्या. कुणी, कधी, काय म्हटले, कोण कोण होते, ते त्याच रात्री वहीत लिहायला सांगा. मेसेज पुसू देऊ नका. तक्रार लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. सोबत वस्तीतले दोघे जाणते लोक घेऊन जा, पंधरा नव्हे. पंधरा गेले की बोलणे मोर्चाचे होते आणि मुलगी बाजूला राहते. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ ही चोवीस तास चालते. जगावेसे वाटत नाही असे मुलगी बोलली, चेष्टेत का होईना, तर तिला एकटी सोडू नका आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येते. पैसे पडत नाहीत.

कोर्स सोडायचा की नाही हे आम्ही त्या मुलीला सांगितले नाही. ते तिचे तिने ठरवावे. तिला फक्त एवढे विचारले की तुझ्याकडे सेकंदकाट्याचे घड्याळ आहे का. नव्हते. मोबाईल बघून मोजत होती, आणि मोबाईल काढला की ट्यूटर ओरडायच्या. आईने दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या बाजारातून घड्याळ आणून दिले. सोमवारी तिने खाटा वाटून घ्यायचा कागद वॉर्डात नेला. सहापैकी तिघींनी सही केली. "तुला सवय असेल" म्हणणारीने केली नाही. ते वाक्य तारखेसकट लिहून काढलेला तक्रारअर्ज आम्ही तिच्यासोबत बसून तयार केला आहे. पुढच्या आठवड्यात तो प्राचार्यांच्या टेबलावर जाईल. काय होते ते याच पानावर कळवू.

नर्सिंग, एएनएम किंवा लॅबच्या कोर्सला असलेल्या मुलामुलींनी दर रविवारी वंदनेनंतर आपल्या डायऱ्या घेऊन खरवईला यावे. आम्ही दुपारी एकपर्यंत बसलेलो असतो.